आमचा देव, आमची मंडळी आणि पुणेकरांच्या शंका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात ख्रिस्ती माणसाला प्रश्न विचारणारे बहुतेक जण भले असतात. डबा खाताना विचारतात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये विचारतात, मुलांच्या शाळेच्या गेटवर विचारतात. काही प्रश्न नाताळच्या आठवड्यात उगवतात, काही पेपरात एखादी बातमी आली की. खालची उत्तरं एका मराठी प्रोटेस्टंट घरातली आहेत. घर मूळचं नगर जिल्ह्यातलं, आता पुण्यातलं. कॅथलिकांबद्दल, म्हणजे पोपना मानणाऱ्या ख्रिस्ती लोकांबद्दल, जे लिहिलंय ते शेजारातून, नात्यांतून आणि लग्नकार्यांतून कळलेलं. कुठल्याही बिशपांच्या कचेरीचा शिक्का यावर नाही.

तुमचा देव दिसतो कसा?

दिसत नाही, हे पहिलं उत्तर. बायबलमध्ये मोशेला देव भेटतो तो जळत्या झुडपातून, आणि ते झुडूप जळूनही खाक होत नाही. नाव विचारलं तर उत्तर मिळतं, ‘मी आहे तो आहे.’ एलीया संदेष्टा डोंगरावर उभा असतो. वादळ येतं, भूकंप होतो, अग्नी येतो, पण देव त्यांतल्या कशातच नसतो. तो येतो त्यानंतरच्या अगदी हलक्या आवाजात. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकात, येशू सरळ सांगतो, देव आत्मा आहे.

पण त्याच बायबलला प्रतिमांचं वावडंही नाही. देव मेंढपाळ आहे, खडक आहे, प्रकाश आहे, कुंभार आहे, राजा आहे, घरातून निघून गेलेल्या मुलाची वाट पाहणारा बाप आहे. चित्रांत जो पांढऱ्या दाढीचा म्हातारा दिसतो त्याचं मूळ दानिएलाच्या पुस्तकात आहे. तिथे ‘पुराणपुरुष’ सिंहासनावर बसतो आणि त्याचे केस लोकरीसारखे पांढरे असतात. युरोपातल्या चित्रकारांनी तो धागा उचलला आणि मग दाढी सुटलीच नाही.

या सगळ्यांच्या वर आमच्यासाठी येशू आहे. येशूचा सुरुवातीचा प्रचारक पौल कलस्सै गावच्या ख्रिस्ती लोकांना लिहितो की ख्रिस्त हा अदृश्य देवाचं प्रतिरूप आहे. म्हणजे देव कसा आहे हे कळायचं असेल तर येशू कसा वागला ते पाहायचं. ज्यांच्याजवळ कुणी जात नसे त्या कुष्ठरोग्यांना त्यानं हात लावला. जकातदारांच्या पंगतीला बसला. मंदिरात धंदा मांडणाऱ्यांचे चौरंग उलटे केले. शेवटच्या रात्री कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले.

हे शेवटचं पाहायचं असेल तर ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये जा. मंडळीतले, म्हणजे त्या चर्चच्या सभासदांतले, बारा जण पुढे खुर्च्यांवर बसलेले असतात. रिक्षावाले, नर्स, रिटायर्ड कारकून, कॉलेजातली पोरं. एरवी सोनेरी काठाच्या झग्यात वावरणारे फादर गुडघे टेकतात. एक मुलगा घमेलं धरतो, दुसरा तांब्या. पाणी पडतं, फादर टॉवेलनं बोटांमधलं पाणी टिपतात आणि पुढच्या खुर्चीकडे सरकतात. वयस्कर फादर असले तर उठताना खुर्चीचा दांडा धरावा लागतो. पूर्वी या खुर्च्यांवर फक्त पुरुष बसत. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला, तेव्हापासून बायकाही बसू शकतात. देव कसा दिसतो या प्रश्नाचं एवढं नेमकं उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही.

एक देव की तीन?

एक. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, पण देव एकच. याला त्र्यैक्य म्हणतात. इ.स. ३२५ मध्ये निकिया इथे बिशपांची परिषद भरली होती, ती येशू देवाइतकाच देव आहे की देवानं निर्माण केलेला कुणी, या वादावर. आज आम्ही जो मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणतो त्याचा पाया तिथला.

शब्बाथ शाळेत, म्हणजे रविवारच्या मुलांच्या वर्गात, पाणी, बर्फ आणि वाफ यांचं उदाहरण हमखास देतात. मुलांना पटतं. पण नगर रस्त्यावरच्या पेपल सेमिनरीत फादर व्हायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यानं परीक्षेत तेच लिहिलं तर त्याचे मार्क जातील. एकच वस्तू तीन वेषांत येते, असं म्हणणं चर्चनं फार पूर्वीच चूक ठरवलंय. यापुढे मीही जात नाही. त्र्यैक्य पूर्ण समजलं असं सांगणाऱ्या पाळकांपासून, म्हणजे आमच्या धर्मगुरूंपासून, मी चार हात लांब राहतो.

मग येशूचा तो गोरा, मानेवर केस रुळणारा फोटो?

तो फोटो नाही. शुभवर्तमानं चार आहेत आणि त्यांतल्या एकातही येशूच्या रंगाबद्दल, उंचीबद्दल, डोळ्यांबद्दल एक ओळ नाही. तो गालीलातला यहुदी सुतार होता. उन्हातान्हात पायी फिरायचा. तेवढ्यावरून अंदाज बांधा.

भारतातल्या घराघरांत कॅलेंडरवर जो चेहरा दिसतो त्याच्यामागे बऱ्याच अंशी वॉर्नर सॅलमन या अमेरिकन चित्रकाराचं १९४० चं चित्र आहे. त्याच्या कोट्यवधी प्रती निघाल्या. आमच्या आजीच्या घरीही तोच होता, खाली तारखा आणि वर येशू. तिनं त्या चेहऱ्याकडे पाहून आयुष्यभर प्रार्थना केली, त्यामुळे त्याची टिंगल मी करणार नाही. पण खरा येशू तसा होता असं कुणी म्हणालं तर गप्पही बसणार नाही.

या बाबतीत पुण्याजवळ सांगण्यासारखी एक गोष्ट आहे आणि ती पुणेकरांनाच माहीत नसते. अँजेलो द फोन्सेका हे १९०२ मध्ये गोव्यात जन्मलेले चित्रकार. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले. परत येऊन त्यांनी येशूची आई मरिया रंगवली ती साडीतली, सावळी, डोक्यावरून पदर घेतलेली. येशू रंगवला तो इथल्या संन्याशासारखा. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात हे बऱ्याच जणांना रुचलं नाही. देवमातेला मोलकरीण केली, अशा चालीची टीका झाली. फोन्सेका निघाले आणि पुण्यात शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आले. हा आश्रम जॅक विन्स्लो या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, धर्मगुरूंनी वसवलेला. खादी, जमिनीवर बैठक, शाकाहार, देशी भजनं असा तिथला शिरस्ता. आदिवासींचे अभ्यासक व्हेरियर एल्विन भारतात प्रथम आले तेही याच आश्रमात. फोन्सेका पुण्यात राहिले, रंगवत राहिले आणि १९६७ मध्ये इथेच गेले. त्यांची चित्रं आज गोव्यात जपून ठेवलेली आहेत, म्हणजे ज्या गावानं नाकं मुरडली त्याच गावी.

मला विचाराल तर पुण्यातल्या प्रत्येक चर्चमध्ये फोन्सेकांचं एक तरी चित्र असायला हवं. माझ्या पाहण्यात फार थोड्या ठिकाणी आहे. नाताळच्या गव्हाणीत आजही प्लास्टरची गुलाबी गालांची बाहुलीच ठेवतात आणि भोवती कापसाचा बर्फ पसरतात.

कॅथलिक चर्चमध्ये मूर्ती असतात, तुमच्या चर्चमध्ये भिंती कोऱ्या. एकाच धर्मात हे कसं?

दहा आज्ञांत कोरीव मूर्ती करू नकोस, तिच्यापुढे वाकू नकोस असं आहे. त्याचा अर्थ काय घ्यायचा यावर आम्ही हजाराहून जास्त वर्षं भांडतोय. आठव्या शतकात पूर्वेकडच्या चर्चमध्ये चित्रं फोडण्यापर्यंत मजल गेली होती. मग ७८७ मध्ये निकियालाच दुसरी परिषद भरली आणि ठरलं की प्रतिमेला मान देता येईल, आराधना मात्र फक्त देवाची. प्रतिमेला दिलेला मान ती ज्याची आहे त्याच्यापर्यंत पोचतो, असा युक्तिवाद होता. हिंदू वाचकाला तो ओळखीचा वाटेल. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारणा झाली, म्हणजे आमचे लोक पोपच्या चर्चपासून वेगळे झाले, तेव्हा हा वाद पुन्हा पेटला आणि आमच्या बाजूच्या अनेकांनी मूर्ती बाहेर काढल्या.

पुण्यात हे एका सकाळी चालत पाहता येतं. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च कॅथलिकांचं. पेशव्यांच्या फौजेत पोर्तुगीज आणि गोवेकर ख्रिस्ती होते, त्यांच्यासाठी सवाई माधवरावांनी जागा दिली आणि १७९२ मध्ये तिथे चर्च उभं राहिलं. आत मरिया आहे, संत आहेत, मेणबत्त्या आहेत. तिथून कॅम्पात सेंट मेरीजला या. हे १८२५ चं, इंग्रज पलटणींसाठी बांधलेलं. इथे भिंतींवर संतांऐवजी मेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या स्मरणशिला आहेत. मूर्ती नको म्हणणाऱ्यांनी कर्नल-मेजरांची नावं मात्र संगमरवरात कोरून ठेवली. मला दरवेळी गंमत वाटते.

पेंटेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या, मंडळ्यांत तर क्रॉससुद्धा कधी कधी नसतो. भाड्याचा हॉल, कीबोर्ड, ड्रम, पडद्यावर गाण्याचे शब्द. तिथे देवाची जाणीव होते ती आवाजातून आणि वर केलेल्या हातांतून.

मरियेची पूजा करता का?

प्रोटेस्टंट करत नाहीत. कॅथलिक तिला मान देतात आणि ‘आमच्यासाठी प्रार्थना कर’ असं तिला विनवतात. पूजा म्हटलेलं त्यांना आवडत नाही. पुस्तकातला हा फरक रस्त्यावर किती टिकतो ते सप्टेंबरात श्रीरामपूरजवळ हरेगावला जाऊन पाहावं. मतमाउलीच्या, म्हणजे मरियेच्या, यात्रेला पुण्याहून गाड्या भरून लोक जातात, काही जण पायी चालत जातात, नवस फेडतात, मेणबत्त्या लावतात. त्यांत ख्रिस्ती नसलेलेही खूप असतात. आमच्यातले काही पाळक या यात्रेवर नाक मुरडतात. मला त्यात या मातीची जुनी खोड दिसते आणि ती वाईट आहे असं वाटत नाही.

देव बापच का? आई का नाही?

येशूनं शिकवलेली प्रार्थना ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अशी सुरू होते, म्हणून बाप हा शब्द तोंडात बसला. पण यशयाच्या पुस्तकात देव म्हणतो, आई लेकराचं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन. येशू यरुशलेमेकडे पाहून म्हणतो, कोंबडी पिलांना पंखांखाली घेते तसं तुम्हाला घ्यावं असं किती वेळा मनात आलं. देवाला कोंबडी म्हणायचं धाडस त्यानं स्वतःच केलंय.

मराठीत आल्यावर तर या देवाला आई होणं भागच होतं. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांच्या कवितेत ख्रिस्त गुरू आहे, सखा आहे, माउली आहे. टिळकांच्याही आधी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइट संघातल्या इंग्रजानं गोव्यात ख्रिस्तपुराण लिहिलं, जवळपास अकरा हजार ओव्यांचं. इंग्लंडातून आलेला माणूस येशूची कथा ओवीत बांधतो, याचं कारण उघड आहे. ऐकणाऱ्यांच्या कानाला देव त्याच छंदात सवयीचा होता.

टिळकांचं ख्रिस्तायन हे येशूवरचं काव्य अपुरं राहिलं होतं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. स्मृतिचित्रे हे लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र वाचलेल्यांना माहीत असेल की नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या बाईनं काय काय सोसलं आणि नंतर स्वतःच्या डोक्यानं विचार करून स्वतःचा निर्णय कसा घेतला. देवाची कल्पना बदलते तेव्हा घरातल्या पाण्याच्या भांड्यापासून सगळं कसं बदलतं, हे कुठल्याही धर्मशास्त्राच्या ग्रंथापेक्षा तिथे जास्त कळतं.

प्रार्थना इंग्रजीत असते ना?

हा गैरसमज कॅम्पामुळे झालाय. पुण्यात रविवारी मराठी, इंग्रजी, हिंदी, तमिळ, मल्याळम, तेलुगू अशा किती तरी भाषांत उपासना चालतात. बऱ्याच चर्चमध्ये सकाळी लवकर इंग्रजी आणि नंतर त्याच बाकांवर मराठी. कॅथलिकांची मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, पूर्वी लॅटिनमध्ये असे; १९६२ ते ६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती लोकांच्या भाषेत आली.

मराठी उपासनेत पेटी आणि तबला असतो. आमच्या गीतांच्या पुस्तकाचं नाव उपासना संगीत. त्यात टिळकांची पदं आहेत, अभंग आहेत, शेजारीच इंग्रजी चालीवरची भाषांतरित गीतं आहेत. ती भाषांतरं गाताना शब्द कुठेतरी अडखळतात. अभंग आला की मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यासुद्धा मान डोलवायला लागतात.

आणि हो, देवाला आम्ही ‘तू’ म्हणतो. पाळकसाहेबांना ‘तुम्ही’.

आम्ही चर्चमध्ये आलो तर चालेल का? चपला काढायच्या का?

चालेल. चपला बहुतेक ठिकाणी काढत नाहीत. मागे बसा, बाकीचे उभे राहिले की उभे राहा, बसले की बसा. दानाची थैली फिरते तिच्यात काही टाकलंच पाहिजे असं नाही.

एकाच गोष्टीला जपा. कॅथलिक मिस्सेत लोक रांगेनं पुढे जाऊन पांढरी गोल चकती घेतात. तो प्रसाद नाही. कॅथलिकांच्या श्रद्धेप्रमाणे ते ख्रिस्ताचं शरीर आहे आणि ते तयारी केलेल्या कॅथलिकांनीच घ्यायचं असतं. आमच्यात प्रभुभोजन, म्हणजे असाच भाकरीचा विधी, असतो तेव्हाही तसंच, बाप्तिस्मा झालेल्यांसाठी. त्या वेळी जागेवर बसून राहा, कुणाला वाईट वाटत नाही.

तुमच्या बायका कुंकू लावत नाहीत, मग मंगळसूत्र कसं?

काही घालतात, काही नाही. काळ्या मण्यांत क्रॉसचं पदक ओवलेलं मंगळसूत्र मराठी ख्रिस्ती घरांत सर्रास दिसतं. टिकलीचं घराघरावर आहे. पहिल्या पिढीत ज्या खुणा मुद्दाम पुसल्या गेल्या त्यांतल्या काही नातींनी फॅशन म्हणून परत आणल्या. यावर मंडळीतल्या मोठ्या बायकांत जितका वाद होतो तितका त्र्यैक्यावर होत नाही.

गणपतीची वर्गणी देता का? प्रसाद खाता का?

घराघरात वेगळं उत्तर मिळेल. आमच्याकडे वर्गणी देतो, मांडवाच्या कामाला हात लावतो, आरतीला टाळ्या वाजवत उभं राहात नाही. काही ख्रिस्ती वर्गणीही देत नाहीत. काही जण मोदक हक्कानं मागून घेतात.

हा प्रश्न पुण्यात निघालेला नाही. पहिल्या शतकात करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांनी पौलाला नेमकं हेच विचारलं होतं: मूर्तीला वाहिलेलं खावं का? त्याचं उत्तर गुंतागुंतीचं आहे. मूर्ती काही नाही, त्यामुळे अन्नानं काही बिघडत नाही. पण तुझ्या खाण्यानं दुसऱ्या कुणाचं मन दुखावत असेल, तो गोंधळत असेल, तर नको खाऊ. शिवाय देवळातल्या पंगतीत भागीदार होऊ नकोस, असंही पुढे आहे. त्यामुळे प्रसाद खाणारा आणि न खाणारा, दोघंही पौलाचाच आधार देतात.

शेजाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे की कुणी हात जोडून ‘नको’ म्हणालं तर तो अपमान समजू नका. आणि आमच्यातल्यांना सांगणं असं की नाही म्हणायचं तर हसून म्हणा, तोंड वाकडं करू नका. नाताळला आमच्या करंज्या, चकल्या, अनारसे तुमच्या घरी येतात तेव्हा तुम्ही काही विचारत नाही.

देवाची भक्ती खोलीत करावी की चौकात?

येशूची दोन वाक्यं आहेत आणि दोन्ही डोंगरावरच्या एकाच प्रवचनातली. एकात तो म्हणतो, लोकांना दिसावं म्हणून चौकात उभे राहून प्रार्थना करू नका. खोलीत जा, दार लावा. दुसऱ्यात म्हणतो, दिवा लावून मापाखाली ठेवत नाहीत. तुमची चांगली कामं लोकांना दिसू द्या. मला ते असं दिसतं: प्रार्थना झाकायची, काम उघडं ठेवायचं. आम्ही पुष्कळदा उलटं करतो.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चभोवती मिरवणूक निघते, लहान मुलं झावळ्यांनी एकमेकांना मारतात, पाच-दहा मिनिटं वाहतूक थांबते. यात कुणाला त्रास आहे असं वाटत नाही. पण चंगाई सभांचे, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करण्याच्या सभांचे, मोठे फलक, ‘आंधळे पाहतील, लंगडे चालतील’, त्यांबद्दल माझं मत वाईट आहे. आजाऱ्यासाठी प्रार्थना आम्ही सगळेच करतो, रात्रभर करतो. पण गोळ्या बंद करा असं व्यासपीठावरून सांगणारा माणूस देवाचं नाव खराब करतो. लाउडस्पीकरचंही तेच. रात्री दहाचा नियम सगळ्यांना सारखा, मग तो देखावा असो, मिरवणूक असो की नाताळची मध्यरात्रीची उपासना.

शाळा-दवाखाने हे धर्मांतरासाठीच काढले ना?

प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच मिशनऱ्यांना लोक ख्रिस्ती व्हावेत असं वाटत होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. पण त्यांच्या शाळांत शिकलेल्यांनी त्या शिक्षणाचं काय करायचं ते स्वतः ठरवलं. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी निर्मिक, म्हणजे जग निर्माण करणारा, मानला, सत्यशोधक समाज काढला आणि मुलींची शाळा उघडली.

पंडिता रमाबाईंचं प्रकरण जास्त अवघड आहे. इंग्लंडात १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. विधवांसाठी काढलेलं शारदा सदन १८९० मध्ये मुंबईहून पुण्यात आणलं. धर्माच्या बाबतीत हात घालणार नाही, असं आश्वासन होतं. पण त्या स्वतः रोज प्रार्थना करत, दार उघडं असे आणि काही मुली आपणहून येऊन बसत. १८९३ मध्ये शहरात गदारोळ झाला, केसरीनं झोडपलं. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. उघड्या दारानं प्रार्थना करणं हा प्रचार की स्वातंत्र्य? दोन्ही बाजूंना म्हणणं होतं. मी रमाबाईंच्या बाजूचा आहे, पण पालकांची भीती खोटी होती असं म्हणणार नाही. पुढे दुष्काळात त्यांनी केडगावला शेकडो बायका-मुलींना आसरा दिला. मुक्ती मिशन आजही दौंडच्या वाटेवर आहे. हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये निघालं.

त्या काळच्या पुण्याचा ताप किती होता ते चहावरून कळतं. १८९० मध्ये गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये एक समारंभ झाला आणि पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावं छापून आणली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे धर्म बुडवल्याबद्दल बहिष्काराचा खटला, उभं राहिलं. लोकमान्य टिळक, रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या फेऱ्यात जावं लागलं. आज तिथल्या पवित्र नाम देवालयाचा उंच घंटामनोरा बघायला लोक मोबाइल घेऊन येतात. चहा समोरच्या टपरीवर मिळतो.

कायद्याचं म्हणाल तर राज्यघटनेच्या २५ व्या कलमात धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. आमिष दाखवून केलेला बाप्तिस्मा मला मान्य नाही. आणि स्वतःच्या मनानं बदललेल्या माणसाला ‘किती मिळाले?’ असं विचारणंही मान्य नाही.

ख्रिस्ती झाल्यावर जात जाते का?

बायबलप्रमाणे जायला हवी. लग्नाच्या जाहिरातींवरून गेलेली दिसत नाही. मराठी ख्रिस्ती समाजातला मोठा भाग दलित घरांतून आलाय. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. सरकार म्हणतं तुमच्यात जात नाही. शेजारी म्हणतो आहे. मंडळीत याबद्दल मोकळेपणानं बोलणारे पाळक कमी आहेत.

चर्चमध्ये कुणाला मत द्यायचं ते सांगतात का?

आमच्या चर्चमध्ये नाही. सांगितलं तरी कुणी ऐकेल असं वाटत नाही. कॅम्पातला गोवेकर, येरवड्यातला मराठी, खडकीतला तमिळ यांचं राजकारण कुठे एक असणार? महाराष्ट्रात आम्ही एक टक्काही नाही.

मात्र रविवारच्या उपासनेत राष्ट्रपती, पंतप्रधान, मुख्यमंत्री, न्यायाधीश यांच्यासाठी प्रार्थना होते. सत्तेवर कुणीही असो, प्रार्थना तीच. रोमी साम्राज्यात ख्रिस्ती लोकांचा छळ होत असतानाही राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करा असं तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात आहे. काही रविवारी ती प्रार्थना म्हणताना दात-ओठ खावे लागतात, तरी म्हणतो. १५ ऑगस्टला कॅथलिकांचा मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण असतो, त्यामुळे त्यांच्या आवारात त्या सकाळी मिस्सा आणि झेंडावंदन एका पाठोपाठ उरकतं.

मेलेल्यांना पुरता का?

देह पुन्हा उठेल अशी आशा आहे म्हणून. आता काही ठिकाणी दहनही चालतं, चर्चची बंदी नाही. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, पुण्यातल्या दफनभूमींच्या दाराशी झेंडूच्या माळा आणि मेणबत्त्या विकायला बसलेले लोक दिसतात.

शुभेच्छा कोणत्या द्यायच्या?

नाताळला ‘नाताळच्या शुभेच्छा’ किंवा मेरी ख्रिसमस, काहीही. ईस्टरला ‘हॅपी ईस्टर’. एरवी भेटलात तर ‘जय ख्रिस्त’ म्हणा, मराठी घरात लगेच चहा टाकला जाईल. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूला क्रुसावर दिलं. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन आम्ही त्याचे शेवटचे सात उद्गार ऐकत बसलेलो असतो, बरेच जण उपाशी. तेव्हा फुलांचं चित्र लावून ‘हॅपी गुड फ्रायडे’ पाठवू नका. दरवर्षी निदान चार तरी येतात, आणि त्यांतला एक ऑफिसच्या एचआरचा असतो.